वेताळाची रात्र: २८ मिलिमीटरच्या भुतावळीच्या नोंदी

रविवार, १५ जून २०२५

आजपासून ही वही फक्त भुतावळीची. पटावर खेळायच्या लढाईसाठी आपल्या गोष्टींतली भुतं घडवायची, स्वतःच्या हातांनी. एक हडळ, एक मुंजा, एक गिऱ्हा (बुडून मेलेल्याचं भूत), वेताळाचे दोन गण. समोर चार वाटसरू. दिवाळीत पहिला डाव.

आमच्या खेळणाऱ्यांच्या टोळीत इतकी वर्षं ऑर्क, गॉब्लिन, एल्फ असे परक्या गोष्टींतलेच वावरले. मला ते मनापासून आवडतात. पण ऑर्क घडवायला बसलं की डोळ्यांसमोर दुसऱ्या कुणीतरी घडवलेला ऑर्क येतो आणि हात त्याच्याच मागून जातो. हडळीचं तसं नाही. हडळ मी कधी चित्रात पाहिलेली नाही, ऐकलेली आहे. आई वेंगुर्ल्याकडची. तिच्या गोष्टीत भूत ओळखायचं कसं ते आधी येतं, भूत करतं काय ते नंतर. पावलं उलटी असतील तर हडळ. पिंपळाखाली लंगोटी लावलेला, शेंडीवाला पोरगा दिसला तर मुंजा. ऐकणाऱ्याला अंधारात, लांबून, एका नजरेत कळायला हवं म्हणून प्रत्येकाला एक खूण दिलेली असते. पटावरच्या मूर्तीचीही हीच गरज असते. समोर बसलेला माणूस ती हातभर अंतरावरून आणि वरून बघतो. तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे की हे काय आहे आणि याला किती घाबरायचं. म्हणजे मूर्तिकाराला लागणारं अर्धं काम गोष्ट सांगणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवलंय. ते वापरायचं.

या छंदात हाताशी असेल त्यातून भुतं काढण्याची रीत जुनीच आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ १९७४ साली आला. त्यातले आउलबेअर आणि रस्ट मॉन्स्टर हे प्राणी त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने हाँगकाँगहून येणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून बेतले होते. पुडीतल्या खेळण्यातून राक्षस निघत असेल, तर आईच्या गोष्टीतून का नाही?

शनिवार, २१ जून

मापं ठरवली. २८ मिलिमीटर म्हणजे तळव्यापासून डोळ्यापर्यंत, डोक्याच्या टोकापर्यंत नाही. टोपी, पागोटं, शिंग यांनी उंची बदलते, डोळा जागेवर राहतो. माझा नेहमीचा पुरुष डोळ्यापर्यंत १६५ सेंटीमीटर धरला, तर मूर्तीवरचा १ मिलिमीटर म्हणजे जवळपास ६ सेंटीमीटर. हा आकडा टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवलाय, कारण पुढचं सगळं त्यावरून निघतं.

मुंजा आठेक वर्षांचा, म्हणजे साधारण १२५ सेंटीमीटर. मूर्ती २१ मिलिमीटर. पिंपळाचं पान २ मिलिमीटर. माणसाचं बोट दीड सेंटीमीटर जाड, म्हणजे इथे पाव मिलिमीटर. ते साच्यातून निघणार नाही आणि निघालं तरी पहिल्याच डावात मोडेल. म्हणून हात मोठे करायचे, डोकंही थोडं मोठं. याला हिरोइक प्रमाण म्हणतात. वरून बघताना डोकं आणि हातच आधी दिसतात, तेव्हा ते मोठे असणंच योग्य. खरा माणूस साडेसात डोकी उंच धरतात, माझी मूर्ती सहाच्या आत राहील.

रविवार, २९ जून

लोहार चाळीतून मोटार वाइंडिंगची तांब्याची तार आणली. सांगाड्याला हीच बरी. हाताने वळते आणि वळवलेली राहते. एकच तार दुमडून दोन पाय, कंबर, मणका. दुसरी खांद्यातून आरपार. सांध्यांवर सोल्डरचा थेंब. पायांखाली तार लांब ठेवून बाटलीच्या बुचात खोचली, म्हणजे काम करताना मूर्तीला बोट लावायला नको.

सगळे सांगाडे बुचांवर उभे करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवले आणि दिवा मागे लावला. नुसत्या तारेतही हडळ चालताना दिसते, मुंजा फांदीवर बसलेला दिसतो. गिऱ्हा ओळखू येत नाही. त्याचा एक हात पाण्यातून वर काढला, पंजा पसरलेला. आता येतो. सांगाड्यात जे दिसत नाही ते पुट्टी चढवल्यावरही दिसत नाही, म्हणून या टप्प्यावर मी घाई करत नाही.

रविवार, ६ जुलै, आषाढी

ग्रीन स्टफ, म्हणजे दोन भागांची एपॉक्सी पुट्टी, मळलं. निळी पट्टी, पिवळी पट्टी, मिळून हिरवी. निळी जास्त घेतली तर कडक होते आणि कड धरते, पिवळी जास्त तर मऊ आणि चिकट. पाकिटात दोन्ही पट्ट्या जिथे एकमेकींना चिकटलेल्या असतात, तिथला पट्टा आधीच वाळलेला असतो. तो कापून टाकायचा, नाहीतर चेहऱ्यात बरोबर नाकावर खडा येतो. उरलेली पट्टी फ्रीझरमध्ये, डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘खाऊ नये’.

आज फक्त मांस. छाती, मांड्या, पोटऱ्या. कपडे नाहीत, चेहरे नाहीत. आतलं शरीर बरोबर नसेल तर वरची साडी नुसती लोंबते. एक रात्र वाळू दिलं की त्यावर निर्धास्त दाबता येतं.

रविवार, १३ जुलै

पूर्ण दिवस हडळीच्या पायांवर. या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त हेच करायचं होतं.

वरून बघणाऱ्याला पाऊल दिसतच नाही, साडी आडवी येते. म्हणून नऊवारी, काष्टा घातलेली, गुडघ्याच्या जरा खाली थांबणारी. पोटरी आणि पाऊल उघडं. मग प्रश्न असा की पाऊल उलटं आहे हे कळायचं कसं? पूर्ण पायच फिरवला, पोटरीसकट, तर डोळा त्याचा सरळ अर्थ लावतो: बाई पाठमोरी चालली आहे, धड वळवून बघते आहे. भूत राहत नाही. उलटेपणा फक्त घोट्याखाली हवा. बाकी सगळ्यांनी ‘पुढे’ म्हटलं पाहिजे. गुडघा पुढे वाकलेला, पोटरीचा फुगवटा मागे, छाती पुढे झुकलेली, मोकळे केस वेगाने मागे उडणारे, पदर मागे. आणि या सगळ्याच्या तळाशी टाच पुढे.

तारेचं टोक चिमट्याने मागे वळवलं. टाचेला गोळा दिला, ती खऱ्यापेक्षा थोडी मोठी. घोट्याची दोन्ही हाडं सुईच्या बोथट टोकाने उचलली, कारण घोटा स्पष्ट नसेल तर पाऊल नुसता लाकडाचा ठोकळा वाटतो. खरं पाऊल २४ सेंटीमीटर, म्हणजे ४ मिलिमीटर. मी ५ केलं. बोटं एकेक करून नाही घडवली. पावलाची पुढची कड चपटी केली आणि सुरीच्या पात्याने चार चिरा दिल्या. अंगठा तेवढा वेगळा, बाहेर काढलेला. अंगठ्यावरूनच दिशा कळते. हत्याराला दर वेळी पाण्याचा हात, नाहीतर पुट्टी हत्यारासोबत निघून येते.

उकाड्यात पुट्टी लवकर रबरासारखी होते. तासाभराच्या आतच ती आकार घ्यायला नकार देऊ लागते, म्हणून एका वेळी एकच पाऊल.

संध्याकाळी आईला दाखवली. तिने चष्मा लावला, वरून बघितलं, मग बूच उचलून डोळ्यांसमोर धरलं.

“चालतेय पुढे आणि पाय बघतायत मागे. हीच ती,” म्हणाली. आणि लगेच, “रात्री देवघरासमोर ठेवू नकोस गो.”

सोमवार, १४ जुलै

मूर्ती ज्यावर उभी राहते त्या तळाची कल्पना सुचली. हडळीच्या मागे चिखलात तिच्या पावलांचे ठसे. वाळलेल्या पुट्टीचा इवला पाय करून ओल्या तळात दाबायचा. तिची बोटं मागे वळलेली, त्यामुळे ठशांवरून माग काढणारा तिच्यापासून लांब लांब जाईल. आणि ठसे वरून दिसतात! पाऊल चुकून कुणाच्या नजरेतून सुटलं तरी ठसे सुटणार नाहीत. तळाला एम-सील वापरणार. ते दाणेदार असतं, चेहऱ्याला चालत नाही, चिखलाला फार छान.

रविवार, २० जुलै

भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेले होते. १८७२ साली उघडलेलं हे संग्रहालय मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, पण तिथल्या मातीच्या छोट्या माणसांपुढे आज पहिल्यांदा पोटभर उभी राहिले. मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांची, धंद्यांची माणसं, ज्याच्या त्याच्या पोशाखात. माझ्या मूर्तींपेक्षा ती बरीच मोठी आहेत, पण घडवणाऱ्यापुढचा प्रश्न तोच होता: काचेपलीकडून बघणाऱ्याला माणूस कळावा कसा? उत्तर डोक्यावर आहे. पागोट्याची बांधणी बघितली की माणूस कुठला ते कळतं. चेहरे बहुतेक शांत, एकसारखे. सगळी ओळख पागोटं, उपरणं आणि हातातल्या वस्तूवर सोपवलेली.

घरी येऊन वाटसरू बदलले. आधी चौघांचे चेहरे निराळे करणार होते. आता चेहरे साधे ठेवले आणि डोकी निराळी केली. एकाला घट्ट पागोटं, एकाला खोळ, कारण पाऊस आहे. एका कोळ्याला टोपी आणि खांद्यावर जाळं. चौथी बाई, डोक्यावर पाटी. वरून चौघं चार आकारांची दिसतात. खोळ तर नुसता त्रिकोण आहे, पण पावसाळ्यात शेतावर जाणारं माणूस ज्याने बघितलंय त्याला दुसरं काही सांगावं लागत नाही.

गुरुवार, २४ जुलै, दीप अमावास्या

घरातले दिवे घासले, पुजले. रात्री मशाली घडवल्या. मशालीचा दांडा खरा ५ सेंटीमीटर धरला तर पाऊण मिलिमीटरच्या आसपास येतो. तारच ठेवली, पुट्टी नाही. ज्वाळा मात्र मुठीपेक्षा मोठी, मागे ओढलेली, हडळीच्या केसांसारखीच. सगळ्या मूर्तींवर वारा एका बाजूने वाहायला हवा.

रविवार, २७ जुलै

वेताळाचं काय करायचं, हे अखेर ठरलं.

वेताळ भुतांचा राजा. अमावास्येच्या रात्री गणांसह, मशाली पेटवून फिरतो असं म्हणतात. पटावर तो सगळ्यात मोठी मूर्ती असणं साहजिक होतं, आणि दादाने (मामेभाऊ, नियम तो लिहितोय) त्याच्यासाठी ४० मिलिमीटरचा तळही काढून ठेवला होता. पण वेंगुर्ले तालुक्यात, आरवलीला, वेतोबा देव आहे. लोक नवस फेडायला त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, त्याने त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. माझ्या आजोळच्या माणसांचा देव. त्याच्या अंगावर फासे टाकून जखमा मोजायच्या, हे मला पटत नाही. आईला विचारायची गरजच पडली नाही.

म्हणून वेताळ पटावर नाही. त्याचे दोन गण आहेत: एकाच्या हातात मशाल, दुसऱ्याच्या डोक्यावर चपलांचा जोड. चपला खऱ्या दोन फूट लांब धरल्या, म्हणजे मूर्तीवर १० मिलिमीटर. वरून बघणाऱ्याला आधी चपलाच दिसतात, त्यांच्याखाली वाकलेला गण नंतर. ज्याच्या चपला एवढ्या, तो केवढा असेल हे बघणाऱ्याने ठरवावं. अंगठ्याची वादी, पट्टा, टाचेकडे झिजलेला तळ, एवढं घडवायला रात्रीचा एक वाजला. आत्तापर्यंतचं माझं सगळ्यात चांगलं काम हेच आहे.

दादाला फोन केला. तो दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, “मग त्याचं येणं हाच नियम करू. शेवटच्या फेरीत पालखी येते. वाटेवर जो कोण असेल, भूत असो की माणूस, त्याने वाट सोडायची. नाही सोडली तर तो डावातून गेला.”

मूर्तीपेक्षा हे बरं आहे.

रविवार, ३ ऑगस्ट

लालबागला गणपतीच्या कारखान्यात गेले. ओळखीचे काका आहेत तिथे, आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायला, बसतात. सध्या त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही, तरी चहाच्या सुट्टीत हडळ हातात घेतली. पायांकडे बघून हसले, मग चेहऱ्याकडे वळले.

“डोळे कधी करणार?”

“रंगात. आत्ता फक्त खोबणी.”

“खोबणी खोल कर अजून. वरची पापणी पुढे आण. सावली आपोआप पडली पाहिजे, रंगाने पाडायला लागू नये. आणि नजर कुठे आहे ते आधी ठरव. आमच्याकडे दोन्ही डोळ्यांची नजर समोर हात जोडून उभ्या असलेल्या माणसावर पडावी लागते. तुझी बाई कुणाकडे बघते?”

माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. ट्रेनमध्ये सुचलं. ती खालून वर बघते, खेळणाऱ्याकडे. पटावरची सगळी माणसं एकमेकांकडे बघणार, भुतं मात्र पटाबाहेर बघणार. मान थोडी वर उचलावी लागली. वरून बघताना आता चेहरा दिसतो, आधी नुसता भांग दिसायचा. एका प्रश्नातून पाचही मूर्ती सुधारल्या.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कालपासून पाऊस कोसळतोय, शाळा-कॉलेजं बंद, रुळांवर पाणी. घरी आहे. गिऱ्ह्याचे केस संपवले. बुडून मेलेल्याचं भूत, म्हणून केस डोक्याला चिकटलेले, कपाळावर पट्ट्या पट्ट्यांनी आलेले. कमरेखाली त्याला शरीर नाही. तिथे पाणी येईल.

एपॉक्सी पुट्टीला ओल्या हवेची फिकीर नसते. पुढच्या ओतकामाला, म्हणजे साच्यात रेझिन ओतून मूर्ती काढण्याला, असते. पॉलियुरेथेन रेझिनच्या दोन भागांतला एक आयसोसायनेटचा. तो हवेतल्या बाष्पाशीसुद्धा क्रिया करतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मूर्ती आतून बुडबुड्यांनी भरते. अशा हवेत बाटलीचं झाकण उघडणंच चूक. ओतकाम पाऊस गेल्यावर. तोवर साचे.

रविवार, १४ सप्टेंबर

गणपती गेले, घर मोकळं झालं, टेबल परत मिळालं. साचे ओतले.

दोन भागांचा साचा. अर्धी मूर्ती प्लास्टिसिनमध्ये बुडवायची, वरच्या अर्ध्यावर सिलिकॉन ओतायचं, ते बसलं की उलटून दुसरी बाजू. शिवण कुठे येणार हे आधी ठरवावं लागतं. हडळीची शिवण केसांच्या कडेने, पदराच्या दुमडीतून आणि पोटरीच्या बाजूने नेली, चेहरा आणि टाच एकाच अर्ध्यात राहतील अशी. चपलावाल्या गणाचे हात डोक्यावर असल्याने बगलेत खाच तयार होते. तिथे सिलिकॉन अडकून फाटतं. म्हणून त्याचं धड आणि चपलांसकट हात वेगळे ओतणार, नंतर चिकटवणार.

सिलिकॉन टिनच्या उत्प्रेरकाने घट्ट बसणारं घेतलं. प्लॅटिनमवालं आकसत नाही, जास्त टिकतं, पण गंधक असलेल्या मातीशेजारी ते बसतच नाही, चिकट राहतं. आणि बऱ्याच प्लास्टिसिनमध्ये गंधक असतं. दोन थरांमध्ये व्हॅसलिनचा पातळ हात. तो सगळीकडे लागला पाहिजे, नाहीतर दोन अर्धी कायमची एकत्र.

रविवार, १२ ऑक्टोबर

आकाश स्वच्छ, हवा कोरडी. ओतकाम. साच्यात टाल्कम पावडर भुरभुरून झटकली, त्याने रेझिन बारीक फटींत शिरतं. साच्यातल्या चेहऱ्यावर आधीच काडीने थोडं रेझिन लावून घेतलं. मुंज्याची शेंडी, मशालीची ज्वाळा, हडळीचा अंगठा या तीन जागी हवा अडकते. तिथून बाहेर जाणारी बारीक वाट सुरीने कापली. निघालं, सगळं. अंगठासुद्धा.

शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

आठवडाभर रंग. काळं अस्तर, त्यावर फक्त वरून पांढऱ्याचा फवारा, म्हणजे चांदणं कुठे पडेल ते मूर्ती स्वतःच सांगते. मशालीजवळच्या मूर्तींना एका बाजूने नारिंगी. गिऱ्ह्याभोवती पारदर्शक रेझिनचं पाणी, थोडं हिरवट. मुंज्याचं जानवं एका ओढीत, श्वास धरून.

डोळे मी त्वचेच्या आधी करते. पांढरी रेघ, त्यात काळा ठिपका, वरच्या आणि खालच्या पापणीला टेकलेला. टेकला नाही तर मूर्ती दचकलेली दिसते. मग त्वचेच्या रंगाने कडा आवळायच्या. काकांच्या क्रमाच्या अगदी उलट, त्यांचे डोळे शेवटी. पण त्यांनी सांगितलेली खोबणी इतकी कामाला आली की वरच्या पापणीची सावली खरोखरच रंगवावी लागली नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

डाव झाला. खाली चाळीतल्या पोरांचा किल्ला आहे, त्यावर मावळ्यांचा पहारा. तिथे भुतं नेणं मुलांना मान्य नव्हतं, आणि त्यांचं बरोबर होतं. मग कॅरम बोर्ड. ७४ सेंटीमीटरचा चौकोन, दोघांच्या खेळाला नेमका. मधून वाट, एका कोपऱ्यात पिंपळ, एका कोपऱ्यात डोह.

भुतांचे नियम त्यांच्या खुणांतूनच काढले होते. हडळ मागे जातानाही पूर्ण वेगाने जाते, बाकी सगळे अर्ध्या. मुंजा पिंपळापासून १० सेंटीमीटरच्या बाहेर पडत नाही, पण आत आलेल्याला सोडत नाही. गिऱ्हा फक्त पाण्यात. चकव्याला शरीरच नाही, म्हणून मूर्ती नाही: वाटेवर एक कंदील आहे, त्याच्याजवळून जाणाऱ्याची दिशा फासा ठरवतो. दादाचा पागोटेवाला त्या कंदिलाभोवती फिरत राहिला.

दादाच्या मुलीने हे नियम ऐकले नव्हते. पट बघून तिने एकेक मूर्तीवर बोट ठेवलं. हडळ, मुंजा, पाण्यातलं भूत. चपलांपाशी थांबली.

“आत्या, हे कुणाचे?”

“अजून यायचाय तो.”

तिने वाटेवरची स्वतःची पाटीवाली बाई उचलून कडेला ठेवली. तिची पाळी नव्हती, पण कुणी हरकत घेतली नाही. शेवटच्या फेरीत वाटेवर दादाचा कोळी आणि माझा मशालवाला दोघंही अडकले. आपलाच गण वाट अडवून उभा राहिला तर तोही जातो का, यावर अर्धा तास वाद झाला. ठरलं की गण जात नाही, पण पुढच्या डावात त्याला मशाल मिळत नाही. वहीत लिहिलं.

दुसरा संच दादा घेऊन चालला. पुढे ब्रह्मसमंध. त्याची खूण काय धरायची यावर आई आणि मामी यांचं एकमत नाही. दोघींचं ऐकून आधी तारेचे दोन सांगाडे करते.